मिनियापोलिसचं न झालेलं मैदान

तिकिटांचे पैसे परत आले, तेही न मागता. मार्च २०२० मध्ये ज्या गोष्टी सुरळीत झाल्या त्यातली ही एक. मिनियापोलिसच्या यू. एस. बँक स्टेडियममध्ये १९ ते २१ मार्चला कॉलेज कुस्तीची राष्ट्रीय स्पर्धा होती. हे फुटबॉलचं स्टेडियम. एवढ्या मोठ्या जागेत ही स्पर्धा पहिल्यांदाच भरणार होती, आणि मी, आमचा शेजारी आणि त्याचा मेहुणा असे तिघं आयोवा सिटीहून गाडीनं जाणार होतो. पाचेक तासांचा रस्ता. शेजारणीनं वाटेत खायला काय द्यायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

मी मूळचा कागलकडचा. शाळेत असल्यापासून तालमीत गेलो, कॉलेजात विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेपर्यंत पोचलो आणि तिथं एका इचलकरंजीच्या पोरानं ढाक लावून मला असं फेकलं की पुढचं शिक्षण मन लावून केलं. त्या शिक्षणानं शेवटी इकडं आणलं. आयोवात काय आहे, असं पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात. मका आहे, डुकरं आहेत, आणि कुस्ती आहे. युनिव्हर्सिटी ऑफ आयोवाच्या कार्व्हर-हॉकआय अरेनात दोन कॉलेजांची साधी लढत असली तरी सुमारे पंधरा हजार माणूस येतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता, दोन्ही कान मोडलेले. त्यानं माझ्या डाव्या कानाकडं बघितलं, मी त्याच्या. ओळख करून द्यायची गरज पडली नाही. योगायोग असा की तो आमच्याच गल्लीत राहणारा निघाला. ह्या लेखात जिथं जिथं ‘शेजारी’ येईल तिथं तो हाच.

इथली कॉलेज कुस्ती म्हणजे ऑलिंपिकची फ्रीस्टाइल नव्हे. ह्यांची स्वतःची पद्धत आहे, फोकस्टाइल. सात मिनिटांची कुस्ती: तीन, दोन, दोन. पाठ लावली की निकाल, ते सगळीकडं सारखंच. पण इथं प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन कब्जात ठेवण्यालाही किंमत आहे. त्याचं घड्याळ वेगळं चालतं आणि एक मिनिटाची आघाडी झाली तर गुण मिळतो. मातीत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. खालचा माणूस सुटायला धडपडतोय, वरचा त्याच्या कमरेवर ठाण मांडून बसलाय, हे आम्ही तासतासभर बघितलेलं आहे. फ्रीस्टाइलमध्ये पंच लगेच उठवतात, त्यात मला कधी मजा वाटली नाही.

दहा वजनगट, प्रत्येकात ३३ मल्ल, एकूण ३३०. देशभरातून एवढेच राष्ट्रीयला पोचतात.

२०२० मध्ये आयोवाचा संघ जबरदस्त होता. प्रशिक्षक टॉम ब्रँड्स. आयोवानं राष्ट्रीय सांघिक विजेतेपद शेवटचं जिंकलं होतं २०१० मध्ये, आणि दहा वर्षं हा दुष्काळ इथल्या लोकांना किती टोचत होता ते बाहेरच्याला सांगून पटणार नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात न्यू जर्सीत बिग टेन ह्या विभागाची स्पर्धा झाली, ती आयोवानं मारली. १२५ पौंडात स्पेन्सर ली, १४९ पौंडात पॅट लूगो, दोघेही विजेते. लूगोचं हे शेवटचं वर्ष होतं. आता फक्त मिनियापोलिस राहिलं होतं.

११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली. त्याच दिवशी एनसीएएचे, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे, तेव्हाचे अध्यक्ष मार्क एमर्ट ह्यांनी सांगितलं की स्पर्धा होतील, पण प्रेक्षकांविना. शेजारी चिडला. मी म्हटलं, होतायत ना, टीव्हीवर बघू. त्याच रात्री बास्केटबॉलच्या एनबीएतला एक खेळाडू बाधित निघाला आणि त्यांनी हंगामच थांबवला. दुसऱ्या दिवशी दुपारी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॉलेज बास्केटबॉलचा एक सामना मध्यंतरापर्यंत खेळवला आणि तिथंच थांबवून पोरांना घरी पाठवलं. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला इनडोअर ॲथलेटिक्सची पोरं दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीसाठी येऊन हॉटेलात उतरली होती. ओहायोत दुसऱ्या श्रेणीतल्या (डिव्हिजन टू) कॉलेजांची जलतरण स्पर्धा चालू होती, ती मध्येच बंद झाली. संध्याकाळ व्हायच्या आत एनसीएएनं हिवाळी आणि वसंत ऋतूतल्या उरलेल्या सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द करून टाकल्या. पुढं ढकलल्या नाहीत, रद्द. बेसबॉलची राष्ट्रीय तर जूनमध्ये असते, तीही गेली.

निर्णय बरोबर होता. हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. कुस्तीत एकमेकांच्या तोंडावर तोंड असतं, घाम अंगावर, श्वास अंगावर. तीस-चाळीस हजार लोक एका छपराखाली तीन दिवस बसवणं त्या मार्चमध्ये वेडेपणा ठरला असता. माझं भांडण रद्द करण्याशी नाही. त्यानंतर जो हिशेब झाला त्याच्याशी आहे.

त्यासाठी इथली एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आपल्याकडं विद्यापीठाच्या स्पर्धेला वयाची अट असते. इथं घड्याळ असतं. कॉलेजात नाव घातलं की पाच वर्षांच्या आत चार हंगाम खेळायचे. दुखापत, प्रशिक्षकाचा डाव, काही कारणानं एक वर्ष बाहेर बसलं तर बसलं, त्याला रेडशर्ट म्हणतात. चार संपले की संपलं. मग तुम्ही कितीही तयारीत असा, त्या मॅटवर परत पाय ठेवता येत नाही. पुढं तेव्हा व्यावसायिक कुस्ती अशी नव्हती (ती टीव्हीवरची नाटकं सोडली तर), ऑलिंपिकच्या संघात एका वजनाला एकच जण. म्हणजे ३३० तल्या बहुतेकांसाठी राष्ट्रीय स्पर्धा हाच शेवटचा फड. त्या वर्षीच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांची शेवटची कुस्ती आदल्या आठवड्यातच होऊन गेली होती, फक्त लढताना त्यांना ते ठाऊक नव्हतं.

३० मार्च २०२० ला एनसीएएच्या पहिल्या श्रेणीच्या (डिव्हिजन वन) परिषदेनं ठरवलं की वसंत ऋतूतल्या खेळाडूंना, म्हणजे बेसबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस, मैदानी ॲथलेटिक्स वगैरेंना, एक वर्ष वाढवून मिळेल. हिवाळी खेळांना नाही. कारण असं की त्यांचा हंगाम जवळजवळ पूर्ण झाला होता, राहिली होती ती फक्त राष्ट्रीय. फक्त राष्ट्रीय! कुस्तीवाल्याला सांगा हे. नोव्हेंबरपासून वजन तोडायचं, उपाशी राहायचं, थंडीत पहाटे पळायचं ते कशासाठी? पालखी वाखरीपर्यंत नेली आणि सांगितलं, वारी जवळजवळ झाली, आता परत जा.

बरं, ज्यांना वर्ष मिळालं त्यांनाही सरळ मिळालं नाही. परत येणाऱ्याला शिष्यवृत्ती पूर्वीइतकी द्यायची, कमी द्यायची की अजिबात द्यायची नाही, हे कॉलेजांवर सोडलं होतं. वर्ष परत, फी तुमची तुम्ही बघा. ज्याच्या बापाची ऐपत होती तो परत आला. बाकीचे नोकरीला लागले.

पैशाचं गणितही सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एनसीएएचं घर चालतं ते पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या टीव्ही हक्कांवर. १९३९ पासून ही स्पर्धा एकदाही चुकली नव्हती, युद्धातही नाही. २०२० मध्ये ती गेली आणि एनसीएएनं कॉलेजांना वाटायचे जे ६० कोटी डॉलर ठरवले होते ते २२.५ कोटींवर आले. विम्याचे २७ कोटी होते म्हणून तेवढे तरी निघाले. बास्केटबॉल हा ह्या कुटुंबातला एकटा कमावता. तो आजारी पडला आणि जेवायला बसणाऱ्यांची संख्या मोजायला सुरुवात झाली.

सगळ्यात आधी मोजले जातात ते आमच्यासारखे. पहिल्या श्रेणीतल्या कुस्ती संघाला तेव्हा ९.९ शिष्यवृत्त्या असत. तीसेक पोरं, ९.९ शिष्यवृत्त्या, म्हणजे कुणाला पाव, कुणाला अर्धी. तरीही हा खर्चच वाटतो. २ एप्रिलला व्हर्जिनियातल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठानं कुस्ती बंद केली. जुलैमध्ये स्टॅनफर्डनं एकदम अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं, त्यात कुस्ती. ओल्ड डोमिनियनचं मी समजू शकतो, ते काही फार श्रीमंत विद्यापीठ नव्हे. पण स्टॅनफर्ड! अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठांतलं एक. त्यांनी सांगितलं, २०२०–२१ चा हंगाम खेळा, मग आटपा.

त्यावर स्टॅनफर्डच्या पोरांनी जे केलं ते मला अजून कुणाला सांगताना अंगावर काटा येतो. मार्च २०२१, सेंट लुइस. राष्ट्रीय स्पर्धा परत सुरू झाली होती, मोजके प्रेक्षक, मास्क, चाचण्या. १६५ पौंडात स्टॅनफर्डचा शेन ग्रिफिथ उतरला तो काळ्या रंगाच्या कोऱ्या सिंगलेटमध्ये, म्हणजे कुस्तीच्या घट्ट पोशाखात. त्यावर कॉलेजचं नाव नाही, चिन्ह नाही. ज्यांनी आम्हाला नाकारलं त्यांचं नाव आम्ही छातीवर का घेऊ? असाच त्याचा अर्थ होता. आणि तो अंतिम फेरी जिंकला. सगळं स्टेडियम स्टॅनफर्डची कुस्ती वाचवा म्हणून ओरडत होतं, त्यात आयोवाचे लोक होते, पेन स्टेट विद्यापीठाचे होते, जे एरवी एकमेकांकडं बघत नाहीत. मी घरात सोफ्यावर उभा होतो. बायको म्हणाली, तुमचा कोण लागतो तो? मे महिन्यात स्टॅनफर्डनं निर्णय मागं घेतला, अकराही खेळ ठेवले.

ह्याच स्पर्धेत आयोवानं दुष्काळ संपवला. गंमत म्हणजे पेन स्टेटचे चार मल्ल विजेते झाले आणि आयोवाचा एकटा स्पेन्सर ली, तरी गुणांवर आयोवा पुढं. रस्त्यावर हॉर्न वाजवत गाड्या फिरल्या. शेजारी अंगणातल्या बर्फात खुर्ची टाकून बसला होता, सहा फुटांवर मी. पण लूगो नव्हता ना त्यात. १४९ पौंडात त्याला देशात पहिलं मानलं जात होतं आणि त्याला एक कुस्तीसुद्धा लढायला मिळाली नाही. प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२० च्या मल्लांना मानांकनावरून ‘ऑल-अमेरिकन’ (एरवी राष्ट्रीयला पहिल्या आठांत येणाऱ्याचा किताब) ठरवलं, चांगल्या मनानंच केलं. पण मानांकन म्हणजे कागदावरची कुस्ती. कागदावर मीही त्या इचलकरंजीच्या पोराला भारी होतो.

आता जरा घरचं.

मार्च ते मे हा आमच्याकडचा यात्रांचा हंगाम. गावोगावच्या जत्रा, आणि प्रत्येक जत्रेला मैदान. हलगी घुमायला लागली की पोरं शाळा सोडून पळायची. कॉलेजातला पैलवान ह्या दोन-तीन महिन्यांत जे इनाम कमावतो त्यावर त्याचा वर्षभराचा खुराक निघतो: दूध, तूप, बदाम. २०२० च्या चैत्रात जोतिबाची यात्रासुद्धा भरली नाही, मग बाकीच्यांचं काय. तालमी बंद. माझा पुतण्या तेव्हा कोल्हापुरात एका तालमीत राहून कॉलेज करत होता, तो वळकटी बांधून गावी आला. उसाच्या फडाकडेला त्यानं आणि आणखी दोघांनी माती उकरून हौदा केला, त्यात ताक, तेल, हळद टाकली आणि जोर मारत बसले. मला व्हिडिओ कॉलवर दाखवायचा. म्हशीचं दूध घरचं होतं म्हणून खुराकाला कमी पडलं नाही, पण ‘काका, अंगाला अंग लावायचं नाही म्हणतात, मग करू काय?’ असं विचारलं की मला उत्तर सुचायचं नाही.

आपल्याकडची पहिली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा भुवनेश्वरला २२ फेब्रुवारी ते १ मार्च २०२० ह्या काळात झाली. म्हणजे दार बंद व्हायच्या तीन आठवडे आधी निसटली. पुढची बेंगळुरूत भरली ती एप्रिल २०२२ च्या अखेरीस, आणि तिचं नाव मात्र ‘२०२१’. महाराष्ट्र केसरीचंही तेच. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत हर्षवर्धन सदगीर झाला आणि पुढचा केसरी मिळायला एप्रिल २०२२ उजाडला, साताऱ्यात, आमचा कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील. ह्या मधल्या काळात ज्यांचं कॉलेज संपलं त्यांना कुणी वर्ष वाढवून दिलं नाही हे पुतण्याकडून कळलं, म्हणजे निदान त्याला तरी दिलं नाही. २०२०–२१ हे त्याचं एम. कॉम.चं शेवटचं वर्ष. त्याच्या विद्यापीठाचा संघ कुठं गेलाच नाही. त्यानं क्रीडा विभागात विचारलं तर सांगितलं, वरून पत्र आलं की कळवू. पत्र आलं की नाही देवाला माहीत.

इथल्या लोकांना मी हे समजावून सांगतो तेव्हा ते म्हणतात, पण त्याची शिष्यवृत्ती गेली का? शिष्यवृत्ती नव्हतीच, तर जाणार कुठली. त्याचं गेलं ते प्रमाणपत्र. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात आणि त्यासाठी कोणत्या पातळीवर कितवा आलास हे कागदावर लागतं. तालमीतल्या पोरांच्या डोळ्यापुढं पोलिस, वनखातं, नाहीतर सैन्य असतं. आंतरविद्यापीठाचं एक पदक म्हणजे त्या दारातून आत जायची एक वाट. घरच्यांनी पाच-सात वर्षं दूध-तूप पुरवलेलं असतं ते ह्या हिशेबानं. अमेरिकेतल्या पोराचं स्वप्न मोडलं तर टीव्हीवर दिसतं. आमच्याकडं एक अर्ज कमी येतो, एवढंच. पुतण्या आता गडहिंग्लजला खतांच्या दुकानात बसतो, दुकान चांगलं चालतं, आणि सकाळी गावातल्या पोरांना डाव शिकवतो. त्याच्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, त्याला ते आवडत नाही.

परत स्पेन्सर लीकडं येतो, कारण आयोवात भांडण पेटतं ते त्याच्यावरून.

१२५ पौंड म्हणजे साधारण ५७ किलो. हा आकडा कऱ्हाड-कोल्हापूरकडच्या माणसाला पाठ असतो. १९५२, हेलसिंकी, ५७ किलो, खाशाबा जाधव, कांस्य. खाशाबाही कॉलेजचाच मल्ल होता, राजाराम कॉलेजचा, आणि त्याच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आम्ही लहानपणी वस्तादांच्या तोंडून ऐकलेली. मी ती शेजाऱ्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आमच्याकडं प्राचार्य घर बांधतात, गहाण ठेवत नाहीत.

तर ली. २०१८ ला पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेता. २०१९ ला परत. २०२० ला तो एकही कुस्ती हरला नव्हता, त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज मल्ल म्हणून हॉज ट्रॉफी त्यालाच मिळाली, आणि राष्ट्रीय झालीच नाही. २०२१ ला विजेता झाल्यावर कळलं की पठ्ठ्या दोन्ही गुडघ्यांतलं एसीएल हे लिगामेंट फाटलेलं असताना लढत होता. मग शस्त्रक्रिया, २०२२ घरी. २०२०–२१ चा हंगाम एनसीएएनं सगळ्यांनाच माफ केला होता, कुणाच्याच चारांत धरला नव्हता. त्या माफीच्या जोरावर तो २०२३ ला शेवटचा उतरला. टल्साला उपांत्य फेरी. समोर पर्ड्यूचा मॅट रामोस. शेवटच्या सेकंदाला रामोसनं त्याला चीत केलं. घड्याळात ६:५९. आमच्या घरात चार आयोवावाले होते, एकाच्याही तोंडून शब्द नाही. इथं जुने लोक डॅन गेबलची आठवण काढतात. कॉलेजात एकही कुस्ती न हरलेला गेबल १९७० साली शेवटची, तीही अंतिम फेरीची, लॅरी ओविंग्जशी हरला. शेजारी म्हणाला, ते मी डोळ्यानं बघितलंय, आता हेही बघितलं, पुरे झालं.

त्याच टल्सात, त्याच स्पर्धेत, कॉर्नेलच्या यानी डायकोमिहालिसनं चौथं विजेतेपद घेतलं. यानी आणि ली एकाच पिढीचे. दोघांनीही २०१८ आणि २०१९ जिंकलेलं. पण यानी २०१९–२० ला ऑलिंपिकच्या तयारीसाठी कॉलेज कुस्तीतून बाहेर होता. म्हणजे जी स्पर्धा रद्द झाली तिच्यात त्याचं काही अडकलेलंच नव्हतं. २०२०–२१ ला त्याच्या कॉलेजच्या गटानं, आयव्ही लीगनं, हंगामच घेतला नाही. २०२२, २०२३ ला येऊन त्यानं दोन विजेतेपदं उचलली. कुणाचा एक निर्णय, कुणाची एक तारीख, आणि इतिहास ठरला.

आणि मग पेन स्टेटचा कार्टर स्टारोची. २०२१ ला पहिल्यांदा विजेता झाला, आयोवाच्या मायकेल केमररला अंतिम फेरीत हरवून. ते माफीचं वर्ष. २०२२, २०२३, २०२४. चार झाले. एरवी इथं माणूस थांबतो, चारच्या पुढं कुणाला जाताच आलं नव्हतं, नियमच तसा. पण २०२१ मोजलं नव्हतं, म्हणून मार्च २०२५ ला फिलाडेल्फियात तो पाचव्यांदा उतरला, १८४ पौंडात, आणि आमच्याच राज्यातल्या नॉर्दर्न आयोवाच्या पार्कर केकायझनला हरवून पाच वेळा जिंकणारा पहिला मल्ल झाला. एकाच महामारीनं लूगोची एक संधी नेली आणि स्टारोचीला एक जास्तीची दिली. २०२० च्या हिवाळ्याला वर्ष नाही, २०२१ च्या हिवाळ्याला आहे. २०२१ ला तर स्पर्धा पूर्ण झाली होती! उलटं झालं असतं तर समजलं असतं.

शेजारी म्हणतो, स्टारोचीच्या पाच आकड्यापुढं तारांकन लावा, म्हणजे त्यातलं एक माफीच्या वर्षाचं हे कळेल. मला ते पटत नाही. त्यानं नियम केले नव्हते, समोर जे आले त्यांना त्यानं पाडलं. पाच वर्षं अव्वल राहायला मांड्यांत दम लागतो. आणि ली २०२० ला नक्की जिंकला असता असं जे म्हणतात त्यांना मी टल्सा दाखवतो. रामोस हरवू शकतो तर २०२० मध्येही कुणीतरी निघाला असता. न झालेल्या कुस्तीचा निकाल सांगणाऱ्याला आमच्या तालमीत पाणी भरायला लावायचे.

पण एक मला करता येण्यासारखं दिसतं. विजेत्यांच्या अधिकृत यादीत १९४३ ते १९४५ महायुद्धामुळं स्पर्धा नाही आणि २०२० ला कोविडमुळं नाही. महायुद्धाच्या वर्षी कोण पात्र ठरलं असतं हे कुणालाच माहीत नाही. २०२० चे ३३० मात्र माहीत आहेत, ते विभागीय स्पर्धांनंतर ठरले होते. मग त्या वर्षासमोर रेघ मारण्यापेक्षा ती ३३० नावं छापा, वजनगटानुसार, कॉलेजसकट. लूगोचं नाव येईल, आणि ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत अशा तीनशे पोरांची येतील. त्यांच्या पोरांना पुढं दाखवता येईल. मी हे शेजाऱ्याला सांगितलं, त्याला पटलं, त्याच्या मेहुण्यालाही पटलं, आणि एनसीएएला पत्र लिहायचं ठरलं. फक्त प्रत्येक वजनात नावं मानांकनाच्या क्रमानं द्यायची का आडनावाच्या अक्षरांप्रमाणं, ह्यावरून तिघांची तीन मतं झालीत. मेहुणा मानांकन सोडायला तयार नाही, कारण मग आयोवावाले वर येतात.